वेबसाईट बनवून झाली, आता ती लाईव्ह कशी करायची आणि कोणाच्या नावावर

साईट बनवून झालीये, लॅपटॉपवर डबलक्लिक केलं की ब्राउझरमध्ये मस्त उघडते, फोटो दिसतात, मेनू चालतो, आणि तरी समोरचा म्हणतो मला तर काहीच दिसत नाहीये. दिसणार कसं, ती फक्त तुमच्या मशीनवर आहे. वर ॲड्रेस बारमध्ये बघा, सुरुवातीलाच 'फाईल' असं इंग्रजीत लिहिलेलं असेल आणि पुढे सी ड्राईव्ह, युजर्स, डेस्कटॉप वगैरे, म्हणजे ब्राउझर इंटरनेटवर गेलेलाच नाही, तुमच्याच डिस्कवरचं फोल्डर उघडून दाखवतोय. आता ते फोल्डर चोवीस तास चालू असलेल्या एखाद्या सर्व्हरवर न्यायचं आणि त्याला लोकांना तोंडी सांगता येईल असा पत्ता द्यायचा. बाकी सगळं या दोन कामांच्या पोटातलं.

मी इथे उदाहरण घेतोय तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या साईटचं. पाच-सहा पानं, वाचनालयाच्या वेळा, वर्गणी, पुस्तकांची यादी, व्याख्यानमालेचे फोटो, संपर्क. मंडळ, शाळा, ट्रेकिंग ग्रुप, भजनी मंडळ, कोणाचीही अशी साधी साईट असेल तर हेच सगळं जसंच्या तसं लागू पडतं.

आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. साईट चढवणं हे एका दुपारचं काम आहे, संस्थांची वाट लागते ती नंतर, मालकीवरून. नेहमीची गोष्ट अशी असते की ओळखीतला एक हुशार मुलगा साईट करून देतो, अगदी मनापासून करतो, फुकट करतो, डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, स्वतःच्या ईमेलवरून स्वतःच्या कार्डाने घेतो, मग त्याला नोकरी लागते, तो पुण्याला नाहीतर बंगळुरूला जातो, जुना ईमेल बघणं बंद होतं, कार्डाची मुदत संपते, डोमेन रिन्यू होत नाही, आणि काही महिन्यांनी वाचनालयाच्या बोर्डावर रंगवलेला पत्ता मोबाईलमध्ये टाकला की समोर सट्ट्याची साईट उघडते. हे मी प्रत्यक्ष पाहिलंय, बोर्डावर तोच पत्ता, पावतीपुस्तकावर तोच पत्ता, आणि पोरं ती उघडून हसतायत. सुटलेली जुनी डोमेन उचलून त्यावर असले धंदे चालवणारे लोक टपलेलेच असतात कारण जुन्या पत्त्याला गुगलमध्ये आधीपासून थोडी पत असते. त्या मुलाची यात काही चूक नव्हती, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून खाली प्रत्येक टप्प्यावर मी 'हे कोणाच्या नावावर' हे सांगत जाणार आहे, ते टाळू नका.

सगळ्यात आधी ईमेल

संस्थेच्या नावाचं एक नवीन जीमेल काढा. अध्यक्षांचं नको, सचिवांचं नको, तुमचं तर अजिबात नको. पुढची सगळी खाती या एका ईमेलवर उघडायची. रिकव्हरीसाठी मोबाईल नंबर मागेल तिथे वाचनालयाचा स्वतःचा नंबर असेल तर उत्तम, नसेल तर सध्याच्या सचिवांचा द्या आणि कमिटी बदलली की तो बदलायचा हे इतिवृत्तात लिहून ठेवा. आणखी एक, पुढे स्वतःचं डोमेन आलं की त्यावरचा ईमेलही घेता येतो, पण डोमेनच्या खात्याला तो ईमेल कधीच लावू नका. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही त्याच दिवशी बंद, मग पासवर्ड रिसेट करायची लिंक येणार कुठे?

फोल्डर आवरून घ्या

चढवण्याआधी एक तासभर फोल्डरवर घालवा, नव्वद टक्के कटकटी इथेच संपतात.

पहिल्या पानाच्या फाईलचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल असंच पाहिजे आणि ते सगळं इंग्रजी छोट्या लिपीत. होम, मेन, इंडेक्स-फायनल-२ असलं काही चालत नाही, सर्व्हर इंडेक्सच शोधतो. दुसरं म्हणजे ही फाईल फोल्डरच्या अगदी वरच्या पातळीवर पाहिजे, आतल्या आणखी एका फोल्डरमध्ये नको.

मग फाईलींची नावं. विंडोजला मोठी अक्षरं आणि छोटी अक्षरं सारखीच, सर्व्हर बहुतेक लिनक्सवर चालतात आणि लिनक्सला तो फरक कळतो. कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोच्या नावाच्या शेवटी जेपीजी कॅपिटलमध्ये असतं, आपण कोडमध्ये स्मॉल लिहितो, घरी फोटो दिसतो आणि लाईव्ह गेल्यावर त्या जागी तुटक्या चौकटीचं चिन्ह येतं. 'माझ्याकडे तर दिसत होता' या तक्रारीमागे दहातल्या आठ वेळा हेच असतं. सगळी नावं छोट्या लिपीत करा, मधे स्पेस सोडू नका, स्पेसच्या जागी आडवी रेघ. आणि फाईलचं नाव देवनागरीत देऊ नका. मला स्वतःला देवनागरीचं प्रेम आहे, पानावरचा शब्दन्‌शब्द मराठीत असू दे, पण फाईलचं नाव रोमनमध्येच बरं, कारण पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षर, मात्रा, हलंत हे वेगळं मोजलं जातं आणि लिंक कॉपी केली की त्या प्रत्येकाची टक्क्याच्या खुणांसकट नऊ-नऊ चिन्हं होतात. नुसतं 'पुस्तके' लिहिलं तरी ६३ चिन्हांची शेपटी तयार होते, व्हॉट्सॲपवर ती लिंक बघून लोक व्हायरस समजून उघडतच नाहीत.

कोडमध्ये फोटोचे आणि पानांचे पत्ते तपासा. कुठेही सी ड्राईव्ह किंवा डेस्कटॉप असं आलं असेल तर ते तुमच्या मशीनपुरतंच आहे, ते काढून फक्त 'इमेजेस फोल्डरमधली अमुक फाईल' एवढाच पत्ता ठेवा.

प्रत्येक पानाच्या डोक्यात, म्हणजे हेड टॅगमध्ये, या गोष्टी असल्याच पाहिजेत: चारसेट यूटीएफ-८, नाहीतर मराठीच्या जागी चित्रविचित्र चिन्हं येऊ शकतात, व्ह्यूपोर्टची ओळ, नाहीतर मोबाईलवर पान मुंगीएवढं दिसेल, आणि सगळ्यात वरच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा 'एमआर' म्हणजे मराठी. ही तिसरी गोष्ट बरेच जण सोडून देतात किंवा टेम्प्लेटमधली इंग्रजी तशीच ठेवतात. भाषा मराठी सांगितली की ज्या फॉन्टमध्ये तशी सोय आहे तिथे ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही, शिवाय स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकाला ते पान मराठी उच्चारात ऐकता येतं. वाचनालयाच्या साईटवर हे नसलं तर मला खरंच वाईट वाटतं.

फोटो. हल्लीच्या मोबाईलचा एक फोटो सहज चार-पाच एमबीचा असतो, गॅलरीत असे वीस टाकले तर पान उघडता उघडता वाचकाचा डेटा संपेल. स्क्वूश नावाचं गुगलचं फुकट टूल ब्राउझरमध्येच चालतं, त्यात फोटो टाकायचा, रुंदी १२०० पिक्सेल करायची, वेबपी किंवा जेपीजी निवडायचं, दीड-दोनशे केबीत छान काम होतं. याचा आणखी एक फायदा म्हणजे मूळ फोटोच्या आत कधीकधी लोकेशन लपलेलं असतं, असल्या टूलमधून काढलेल्या नवीन फाईलमध्ये ते साधारणपणे राहत नाही.

आता पुस्तकांची यादी, हा वाचनालयांचा खास प्रश्न. यादी पूर्वी कोणीतरी शिवाजी, कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात टाईप केलेली असते. त्या कॉम्प्युटरवर ती मराठी दिसते कारण तिथे तो फॉन्ट आहे, पण आतमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं भरलेली असतात, ती वेबवर टाकली की तशीच उघडी पडतात आणि गुगलला तर त्यातलं एक पुस्तक सापडत नाही. ही यादी युनिकोडमध्ये बदलून घ्या, कन्व्हर्टर फुकट मिळतात, मात्र बदलल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांखालून घाला. जुन्या फॉन्टात वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते आणि रफार नंतर, त्यामुळे जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर गडबडतो, 'स्थिती' आणि 'कीर्ती' असे शब्द शोधून बघा, लगेच कळेल. वेळखाऊ आहे पण करा. ज्यांनी आयुष्यभर रजिस्टरं भरली त्यांच्या त्या कामाला इंटरनेटवर जागा मिळतेय.

आणि सभासदांची यादी, फोन नंबर, पत्ते असलं काहीही या फोल्डरमध्ये ठेवू नका. लिंक दिली नाही म्हणजे कोणाला दिसणार नाही असं नसतं. पुढे आपण जिथे फाईली ठेवणार आहोत तिथे त्या सगळ्यांना उघड दिसतात आणि नंतर डिलीट केल्या तरी जुन्या नोंदींमध्ये राहतात.

फुकट जागा: गिटहब पेजेस

अशा साध्या साईटला, म्हणजे ज्यात लॉगिन नाही, डेटाबेस नाही, पैसे देणं-घेणं नाही, पैसे देऊन होस्टिंग, म्हणजे सर्व्हरवरची जागा, घ्यायची गरज नाही. मी गिटहब पेजेस सुचवतो, गिटहब म्हणजे कोडच्या फाईली ठेवायची साईट आणि पेजेस ही त्या फाईलींची वेबसाईट करून दाखवायची तिथली सोय. पब्लिक रिपॉझिटरी, म्हणजे गिटहबवरचं सगळ्यांना दिसणारं फोल्डर, असेल तर फुकट, साईटचा एकूण आकार १ जीबीपर्यंत, महिन्याला साधारण १०० जीबी ट्रॅफिकची मर्यादा, वाचनालयाला त्याचा कोपराही लागणार नाही. क्लाऊडफ्लेअर पेजेस आणि नेटलिफाय हेही चांगले आहेत. गिटहबच्या नियमात ऑनलाईन धंदा चालवायला पेजेस वापरू नये असं आहे, त्यामुळे दुकान किंवा होमस्टेची साईट असेल तर या दोघांपैकी एक घ्या, पायऱ्या थोड्याफार तशाच. वर्डप्रेसची साईट असेल तर मात्र हे काहीच उपयोगाचं नाही, त्याला पीएचपी आणि डेटाबेसवालं होस्टिंग विकतच घ्यावं लागतं, तिथे सीपॅनेलमध्ये जाऊन पब्लिक एचटीएमएल नावाच्या फोल्डरमध्ये सगळं जातं.

गिटहबवर संस्थेच्या ईमेलने खातं उघडा. युजरनेम विचार करून घ्या कारण सुरुवातीला तोच साईटचा पत्ता होणार, वाचनालयाचं नाव आणि गावाचं नाव जोडून घेतलं तर बरं. टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डसोबत मोबाईलवरचा कोडही मागणारी सोय, चालू करा, तेव्हा जे रिकव्हरी कोड देतात ते प्रिंट काढून लगेच बाजूला ठेवा, मोबाईल हरवला तर तेवढेच कामाला येतात.

मग वरच्या अधिकच्या खुणेवरून न्यू रिपॉझिटरी. नाव काय द्यायचं तर तुमचं युजरनेम, मग टिंब, गिटहब, टिंब, आयओ. अगदी असंच, एक अक्षर इकडेतिकडे नको. दुसरं काही नाव दिलं तरी साईट चालते पण मग तिचा पत्ता 'युजरनेम डॉट गिटहब डॉट आयओ, तिरकी रेघ, रिपॉझिटरीचं नाव' असा होतो आणि तुमच्या कोडमधल्या ज्या लिंक तिरक्या रेघेने सुरू होतात त्या सगळ्या तुटतात. पब्लिक ठेवा, क्रिएट करा.

पुढच्या पानावर 'अपलोडिंग ॲन एक्झिस्टिंग फाईल' अशी छोटीशी निळी लिंक असते, लोकांना ती सापडतच नाही, नीट बघा. ती दाबली की मोठा चौकोन येतो. आता तुमचं फोल्डर उघडा, आतल्या सगळ्या गोष्टी सिलेक्ट करा आणि ओढून त्या चौकोनात टाका. आतल्या गोष्टी, फोल्डर नाही. फोल्डर ओढलं तर इंडेक्सची फाईल एक पायरी आत जाते आणि साईटच्या जागी ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', असं दिसतं. एका वेळी १०० फाईली जातात आणि एक फाईल जास्तीत जास्त २५ एमबीची, व्याख्यानांचे व्हिडिओ असतील तर ते यूट्यूबवर टाकून इथे फक्त जोडा. हे काम लॅपटॉपवरूनच करा, मोबाईलवरून फोल्डर ओढता येत नाही. खाली कमिट चेंजेस नावाचं हिरवं बटण, ते दाबलं की झालं.

मग सेटिंग्ज, डावीकडे पेजेस, सोर्समध्ये 'डिप्लॉय फ्रॉम अ ब्रँच', ब्रँच मेन, फोल्डर रूट, सेव्ह. बऱ्याचदा वरचं नाव दिलेल्या रिपॉझिटरीत हे आपोआप झालेलं असतं. वर ॲक्शन्स नावाच्या टॅबमध्ये पिवळा गोल फिरताना दिसेल, त्याची हिरवी टिकमार्क झाली की पत्ता उघडून बघा. पहिल्यांदा दहा मिनिटंही लागू शकतात. बदल केल्यावर जुनंच पान दिसत असेल तर घाबरू नका, गिटहब पान दहा मिनिटं साठवून ठेवायला सांगतो, कंट्रोल शिफ्ट आर दाबा किंवा थोडं थांबा. एखादी फाईल किंवा फोल्डर अंडरस्कोरने सुरू होत असेल तर ते गायब होतं कारण मागे जेकिल नावाचा प्रोग्राम चालतो आणि तो अशा गोष्टी वगळतो, एकतर नाव बदला किंवा 'नोजेकिल' नावाची रिकामी फाईल टाका, नावाच्या सुरुवातीला टिंब.

साईट लाईव्ह आहे आता. पण कोणाला सांगण्याआधी ती दुसऱ्याच्या मोबाईलवर बघा, शक्यतो जुना अँड्रॉईड, वायफाय बंद, साधं मोबाईल नेट. प्रत्येक पान, प्रत्येक फोटो, प्रत्येक फोन नंबर. फोन नंबरवर बोट ठेवलं की डायल व्हायला पाहिजे, गावाकडे लोक संपर्काचा फॉर्म भरत बसत नाहीत, फोन लावतात. फॉर्म हवाच असेल तर लक्षात घ्या की अशा साईटवर फॉर्म नुसता दिसतो, पाठवलेलं कुठेच जात नाही, त्यामुळे गुगल फॉर्म जोडा किंवा थेट व्हॉट्सॲपची लिंक द्या, 'डब्ल्यूए डॉट एमई' च्या पुढे तिरकी रेघ आणि ९१ लावून नंबर, अधिकचं चिन्ह न देता.

स्वतःचं डोमेन, म्हणजे सातबारा

गिटहबचा फुकट पत्ता कायम चालू शकतो, बजेट नसेल तर खुशाल तोच ठेवा. पण बोर्डावर रंगवायचा असेल तर स्वतःचं नाव घ्या, कारण उद्या गिटहब सोडून दुसरीकडे गेलात तरी पत्ता तोच राहतो. आणि डोमेन हा साईटचा सातबारा आहे, कोडिंग कोणी केलं, डिझाईन कोणाचं, याला काही अर्थ नाही, नोंदणीत ज्याचं नाव त्याची साईट.

डॉट इन घ्या किंवा डॉट ओआरजी, संस्थेसाठी डॉट ओआरजी डॉट इन पण छान. डॉट इनची व्यवस्था निक्सी ही संस्था बघते. देवनागरीत डॉट भारतही २०१४ पासून मिळतं, मला ते आवडतं, पण बऱ्याच फॉर्ममध्ये ते टाईप होत नाही आणि कॉपी केलं की भलतंच रोमन काहीतरी येतं, म्हणून ते जोडीला घ्या, एकमेव म्हणून नको. नाव छोटं, फोनवर एकदा सांगितलं की कळेल असं. वाचनालय रोमनमध्ये लोक चार प्रकारे लिहितात, सगळ्यात साधं स्पेलिंग निवडा.

रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे, घेताना पहिल्या वर्षाची किंमत बघू नका, रिन्यूअलची बघा. पहिलं वर्ष नव्याण्णव रुपये आणि दुसऱ्या वर्षापासून हजाराच्या आसपास, असं सर्रास असतं. कार्टमध्ये ते आपोआप होस्टिंग, ईमेल, एसएसएल, साईट प्रोटेक्शन असलं काय काय घालतात, सगळं काढा, तुम्हाला फक्त डोमेन पाहिजे. एसएसएल, म्हणजे पत्त्याला एचटीटीपीएस लावणारं सर्टिफिकेट, तर गिटहब लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट लावून देतो, त्याचे पैसे कोणालाही देऊ नका.

नोंदणीत रजिस्ट्रंट, म्हणजे डोमेनचा मालक, म्हणून संस्थेचं नाव, संस्थेचा पत्ता, तो नवा ईमेल. डॉट कॉम, डॉट ओआरजी घेतलं तर ईमेल पडताळणीची लिंक येते, १५ दिवसांत ती दाबली नाही तर डोमेन बंद करतात, आणि ती स्पॅममध्ये पडलेली असते बरेचदा. पैसे संस्थेच्या खात्यातून गेले तर पावतीही संस्थेच्या नावावर राहते. एकदम पाच वर्षांचं घ्या जमत असेल तर, जास्तीत जास्त १० वर्षांचं मिळतं. ऑटो-रिन्यू चालू ठेवा पण त्याच्या भरवशावर राहू नका, ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचे नियम कडक झाले, ते नियम चांगलेच आहेत, पण मँडेट, म्हणजे पैसे कापायला बँकेला दिलेली परवानगी, नीट लागला नसेल तर पैसे कापलेच जात नाहीत आणि रजिस्ट्रारचा ईमेल कोणी वाचलेला नसतो.

डोमेन आणि साईट जोडणे

आधी गिटहबमध्ये, मग रजिस्ट्रारकडे, हा क्रम उलटा करू नका. उलटा केला तर मधल्या वेळेत तुमचं नाव गिटहबकडे बोट दाखवत असतं पण कोणाच्याच साईटला जोडलेलं नसतं, आणि तेवढ्यात दुसरं कोणी ते आपल्या साईटला लावू शकतं. म्हणून सेटिंग्ज, पेजेस, कस्टम डोमेन, तिथे नाव टाका, सेव्ह करा. खात्याच्या सेटिंगमध्ये डोमेन व्हेरिफाय करायचीही सोय आहे, रजिस्ट्रारच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेन कुठे न्यायचं याच्या नोंदींमध्ये, एक टीएक्सटी रेकॉर्ड टाकायला सांगतात, तेही करून टाका.

सेव्ह केल्यावर तुमच्या फाईलींमध्ये सीनेम नावाची एक छोटी फाईल तयार होते. पुढे कधी सगळं नव्याने अपलोड कराल तेव्हा ती उडवू नका, उडाली तर डोमेन सुटू शकतं.

आता रजिस्ट्रारच्या डीएनएस मॅनेजमेंटमध्ये जा. तिथे आधीपासून एक ए रेकॉर्ड असेल, रजिस्ट्रारच्या 'कमिंग सून' पानाकडे नेणारा, तो डिलीट करा, नाहीतर साईट कधी तुमची दिसेल कधी त्यांची जाहिरात, आणि कारण काही केल्या सापडणार नाही. मग चार ए रेकॉर्ड टाका, होस्टच्या जागी @, आणि आकडे अनुक्रमे १८५.१९९.१०८.१५३, १८५.१९९.१०९.१५३, १८५.१९९.११०.१५३ आणि १८५.१९९.१११.१५३. टाईप इंग्रजी आकड्यातच करायचे अर्थात, आणि गिटहबच्या मदतीच्या पानावर एकदा ताडून बघा. पाचवा रेकॉर्ड सीनेम प्रकारचा, होस्टच्या जागी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आणि समोर तुमचा जुना गिटहबवाला पत्ता, रिपॉझिटरीचं नाव वगैरे न जोडता. होस्टच्या जागी पूर्ण डोमेन लिहू नका, बरेच पॅनेल ते मागे आपोआप लावतात आणि मग 'अमुकवाचनालय डॉट इन डॉट अमुकवाचनालय डॉट इन' असा भलताच पत्ता तयार होतो.

आता थांबायचं. कधी पंधरा मिनिटं, कधी उद्या सकाळपर्यंत. या वेळात पुन्हा पुन्हा रेकॉर्ड बदलत बसणं हे सगळ्यात वाईट, कारण जुनं उत्तर ठिकठिकाणी साठवलेलं असतं आणि तुम्ही दरवेळी घड्याळ पुन्हा शून्यावर नेता. घरच्या वायफायवर दिसत नसेल आणि मोबाईल नेटवर दिसत असेल तर सगळं बरोबर आहे, एवढंच समजा.

गिटहबच्या पेजेस पानावर डीएनएस चेक हिरवा झाला की एन्फोर्स एचटीटीपीएस वर टिक करा. टिक करता येत नसेल तर सर्टिफिकेट अजून तयार व्हायचंय, २४ तासांपर्यंत लागू शकतात. ही टिक विसरू नका, नाहीतर ब्राउझर वर 'नॉट सिक्युअर' दाखवतो आणि पालक मंडळी लगेच विचारतात, ही साईट सेफ आहे ना?

लोकांना सापडायला पाहिजे

साईट लाईव्ह झाली म्हणजे गुगलमध्ये आली असं नाही. सर्च कन्सोल, म्हणजे आपली साईट गुगलला कळवायचं गुगलचंच टूल, उघडा, संस्थेच्याच ईमेलने, डोमेन प्रकार निवडा, पुन्हा एक टीएक्सटी रेकॉर्ड टाका आणि मुख्य पानाचा पत्ता यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये टाकून इंडेक्सिंगची विनंती करा. काही दिवस लागतात. टेम्प्लेट वापरलं असेल तर कोडमध्ये नोइंडेक्स असं कुठे राहिलंय का ते बघा, ते असेल तर गुगल येऊन परत जातो.

टायटलमध्ये नुसतं 'सार्वजनिक वाचनालय' लिहू नका, या नावाची वाचनालयं महाराष्ट्रभर आहेत. गाव, तालुका, जिल्हा हवा. आणि वर्णनाच्या ओळीत वाचनालय आणि गाव हे शब्द रोमन अक्षरातही एकदा येऊ द्या, कारण अर्धे लोक मराठी शब्द इंग्रजी कीबोर्डवरच शोधतात. लिंक व्हॉट्सॲपवर गेली की सोबत चित्र दिसावं म्हणून ओजी इमेज लावा, १२०० बाय ६३० पिक्सेल, वाचनालयाच्या इमारतीचा फोटो सगळ्यात चांगला. मात्र चित्राचा पत्ता तिथे एचटीटीपीएसपासून पूर्ण द्यावा लागतो, अर्धवट दिला तर दिसत नाही.

गुगल मॅपवर वाचनालयाची नोंद असेल तर तिथे वेबसाईटच्या जागी हा पत्ता टाका. खरं सांगायचं तर गावातले जास्त लोक तिथूनच येतील.

पुढचं सांभाळणं

बदल करायला पुन्हा सगळं चढवायची गरज नाही. गिटहबवर त्या फाईलवर जा, पेन्सिलचं चिन्ह दाबा, 'सकाळी ८ ते ११' चं 'सकाळी ९ ते १२' करा, कमिट, झालं. हे मोबाईलच्या ब्राउझरवरूनही होतं, ग्रंथपालांना समोर बसवून एकदा त्यांच्याच हाताने करायला लावा, तुम्ही करून दाखवू नका. दिवाळीच्या सुट्टीची सूचना त्यांनी स्वतः टाकली की साईट त्यांची होते, तोपर्यंत ती तुमचीच असते.

मग एक कागद करा. ईमेलचा पत्ता, गिटहबचं युजरनेम, रजिस्ट्रार कोण, डोमेन कधी संपतं ती तारीख, रिकव्हरी कोड, आणि कोणता मोबाईल नंबर कुठे लावलाय. पासवर्ड वेगळ्या बंद पाकिटात. दोन्ही वाचनालयाच्या कपाटात, आणि नवी कमिटी आली की चार्ज देताना शिक्के, चेकबुक यांच्या यादीतच हे पाकीट लिहायचं. डोमेनची मुदत संपायच्या दोन महिने आधीची तारीख निदान दोघांच्या कॅलेंडरमध्ये.

आणि एवढं करूनही तारीख चुकलीच तर हातपाय गाळू नका, त्याच दिवशी रजिस्ट्रारला फोन करा. डॉट कॉम आणि डॉट ओआरजीला मुदत संपल्यावर लगेच नाव जात नाही, आधी काही दिवस, रजिस्ट्रारप्रमाणे जास्तीत जास्त ४५, नेहमीच्या दरात रिन्यू करता येतं, त्यानंतर ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ असतो ज्यात नाव परत मिळतं पण दंड काही हजारांत जातो. त्यानंतर काही दिवसांत ते बाजारात मोकळं होतं, मग मात्र ज्याने आधी उचललं त्याचं, आणि बोर्ड नव्याने रंगवायला लागतो.